आहेराची व्याख्या

बसवनगुडी, १८ ऑगस्ट

वेदू,

पाकीट फाडून टाकू नकोस, आत सहीचा कागद आहे.

चार वर्षं आपण बोलत नाही. अक्काला शेवटी पाझर फुटला असं समजून खूश होऊ नकोस, काम पडलंय म्हणून लिहिते आहे. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. बसवनगुडीहून जयनगर काही लांब नाही, पाय चांगले असते तर चालत आले असते, पण तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही असं मी म्हटलं होतं आणि म्हटलं ते म्हटलं. राहिलं पोस्ट. पोस्टाच्या खिडकीत सगळी नोकरी काढलेल्या बाईला त्याच्यावरच भरवसा.

काम असं आहे. मी कॉलेजात जाते. हसून घे आधी. रिटायर झाल्यावर सकाळी देऊळ, दुपारी डुलकी आणि संध्याकाळी तुझ्या भावजींच्या शेजारी बसून टीव्हीत कोण कुणावर ओरडतंय ते बघायचं, याचं मला अजीर्ण झालं. इथल्याच एका कॉलेजात समाजशास्त्राचा संध्याकाळचा डिप्लोमा निघालाय, वयाची अट नाही. मी जाऊन नाव घातलं आणि मग घरी सांगितलं. तुझे भावजी म्हणाले, "परीक्षेला मी डबा घेऊन येऊ काय?" मी म्हटलं, या.

वर्गात सगळी माझ्या श्रीहर्षच्या वयाची. माझ्या बाकावर अजिंक्य म्हणून एक जण बसतो. मूळचा निपाणीकडचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी. फ्लायओव्हरवरून बसने धापा टाकत येतो आणि आल्या आल्या माझ्या डब्यातल्या चकल्या संपवतो. त्याची मराठी ऐकून मला मजा वाटते आणि माझी ऐकून त्याला. मी "स्वल्प सरक" म्हटलं की म्हणतो, आंटी, हे मराठी आहे काय?

शिकवायला शमिका मॅडम. पुण्याच्या, पस्तिशीच्याही नसतील, पण काय शिकवतात. त्यांनी निबंध दिलाय. एक संकल्पना घ्यायची आणि तिची व्याख्या करायची. शब्दकोशातली उचलायची नाही. त्यांनी नेमून दिलेले तीन लेख वाचायचे, त्यांच्याशी वाद घालायचा, आणि आपल्या आयुष्यातली एक घडलेली गोष्ट घेऊन बघायचं की आपली व्याख्या तिच्यापुढे टिकते की आपटते. विषय दिला "गिफ्ट". म्हणाल्या, तुमच्या घरात त्यासाठी जो शब्द आहे तो घ्या. पोरं वाढदिवस, केक असलं काहीबाही बोलायला लागली. मी हात वर केला आणि म्हटलं, आहेर. मॅडम खुर्चीतून पुढे सरकल्या.

वेदू, मला काय होतंय सांगू? मी सकाळी कणीक मळताना व्याख्या करत असते. पहिला लेख कुणा जुन्या परदेशी पंडिताचा आहे. त्याचं म्हणणं, फुकट काही कुणी देत नाही. देणारा घेणाऱ्याला दोरीने बांधतो आणि परतफेड होईपर्यंत ती दोरी सुटत नाही. मी वाचता वाचता ओरडले, "बरोबर बोलतोय हा माणूस!" तुझे भावजी आतून म्हणाले, कोण आलंय? मी पेन्सिलीने एवढ्या रेघा मारल्यात की पान काळं दिसतं.

आता तुझा संबंध. उदाहरणात जिवंत माणूस येत असेल तर त्याची लेखी परवानगी घ्यावी, असा मॅडमचा नियम आहे. माझं उदाहरण तू आहेस.

मी त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगते, म्हणजे मी तिखटमीठ लावलं नाही हे तुला कळेल. तुझ्या दिव्यश्रीच्या लग्नात मी तुला साडी दिली. मोळकाल्मुरूचं रेशीम, मोरपिशी, केशरी काठ. तिच्यासाठी मी चिकपेटेतलं एकेक दुकान पालथं घातलं होतं. रिसेप्शनला लगेच नेसता यावी म्हणून फॉल लावून दिली. आहेराच्या साडीला कुणी फॉल लावून देतं काय? मी दिला, माझ्या हाताने. तू नेसली नाहीस. मग श्रीहर्षने इलेक्ट्रॉनिक सिटीत फ्लॅट घेतला, गृहप्रवेशाला तू आलीस, मला कुंकू लावलंस, आहेर हातात दिलास. मी पिशवीतून काढून बघते तर माझीच साडी. माझाच फॉल, माझेच टाके. मी भरल्या घरात म्हटलं, "वेदू, मी दिलेली साडी तू मलाच फिरवतेस?" तू एक शब्द बोलली नाहीस. तुझ्या सासूबाईंचा हात धरलास आणि पानं मांडलेली असताना निघून गेलीस.

यात एक अक्षर खोटं असेल तर सांग. नसेल तर कागदावर सही कर. मी व्याख्या सुद्धा लिहून ठेवलीय: आहेर म्हणजे मनापासून दिलेली वस्तू, जी परत येत नाही. दसऱ्यानंतर निबंध द्यायचा आहे, पण तू लगेच पाठव.

अक्का


बसवनगुडी, २ सप्टेंबर

वेदू,

सही आली नाही. पत्र मिळालं नाही असं मला सांगू नकोस, तुझ्या भागात पोस्टमन कोण आहे ते मला ठाऊक आहे आणि तो पत्र हरवणारा माणूस नाही. दुसरा कागद जोडलाय.

तुझं उत्तर नाही तरी मी लिहिणार, कारण हे सांगायला घरात दुसरं कुणी नाही. तुझ्या भावजींना दुसऱ्या लेखाचं सांगायला गेले तर ते म्हणाले, आधी वरणाला फोडणी दे.

दुसरा लेख तत्त्वज्ञानाचा. सुरुवातीला काही कळेना, मी तो चार पानं वाचून कपाळाला हात लावला. मग अजिंक्यने आणि मी कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून ओळ ओळ सोडवला. त्याचं म्हणणं असं: देणाऱ्याला आपण दिलं हे आठवत राहिलं, की ते देणंच उरत नाही. घेणाऱ्याला कळलं की हे उपकार आहेत, तर तिथेही संपलं. खरं देणं म्हणजे ज्याचा दोघांनाही पत्ता नाही.

मी वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, मॅडम, मग आमच्याकडे लग्नात एक जण कोपऱ्यात बसून कुणी काय दिलं ते मोठ्याने वाचून लिहून घेतो, त्याचं काय करायचं? सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अनुसूया आंटी, हे निबंधात हवं." मी घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हते. आयुष्यात मला कुणी म्हटलं नव्हतं की तुझं बोलणं कागदावर हवं. नेहमी म्हणत आले की अनुसूया, हळू बोल.

मी एक प्रयोगही सुरू केलाय. आपल्याकडे हळदीकुंकवाला नारळ, विड्याची पानं आणि ब्लाउज पीस देतात. तो पीस कुणी शिवत नाही, पुढच्या घरी सरकवतात. यंदा गौरीला मी एका पिसाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातला आणि समोरच्या घरातल्या बाईंना दिला. बघू कुठवर जातो. पोस्टात मी रजिस्टर पत्रं सोडायची, तसा सोडलाय.

माझी व्याख्या मात्र डळमळायला लागलीय. "परत येत नाही" हे खोडलं, कारण पहिला पंडित म्हणतो परत आलंच पाहिजे. "मनापासून" हे खोडावं लागेल असं दिसतंय, कारण दुसरा विचारतो, मन मोजायचं कसं? उरलं "दिलेली वस्तू". एवढ्यासाठी काय डिप्लोमा?

सही कर ग. तुझ्या सहीवाचून माझं अडलंय.

अक्का


बसवनगुडी, २४ सप्टेंबर

वेदू,

पीस परत आला. समोरच्या बाईंनी तो त्यांच्या जावेला दिला, जावेने शाळेतल्या कुणा टीचरला, आणि काल दसऱ्याच्या बाहुल्यांच्या हळदीकुंकवाला गेले तर तिसऱ्याच गल्लीतल्या बाईंनी माझ्या ओटीत घातला. लाल टाका दिसला आणि मी तिथे बसल्या बसल्या हसत सुटले. त्या बाईंना वाटलं, कापडाचा रंग मला आवडला नाही. त्या आत जाऊन दुसरा घेऊन आल्या. आता माझ्याकडे दोन आहेत.

पण पीस फिरला तर हसू येतं आणि साडी फिरली तर काळजात कळ येते, हे का? मॅडम म्हणाल्या, निबंधाची जागा इथे आहे, इथेच खणा.

तिसरा लेख एका बाईने लिहिलाय. ती डोंगरातल्या कुठल्याशा गावात राहिली, तिथल्या बायकांबरोबर भाकऱ्या भाजल्या. त्या गावात लग्नाची शाल घराघरातून हिंडते. जिने ती पेटीत कुलूप लावून ठेवली तिला नावं ठेवतात. ती बाई लिहिते की वस्तूकडे बघत बसू नका, ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती चालली आहे ते बघा. मला ती बाई भेटली तर मी तिला घरी जेवायला बोलावीन. पण तुझ्या वागण्याला हिचा आधार देणार नाही, सांगून ठेवते.

मी पहिला मसुदा लिहिला. सोबत पाठवला आहे, अजिंक्यने टाइप करून दिलाय. इंग्रजी आहे पण सोपं आहे, तुला कळेल. वर्गात वाचून दाखवला. मॅडम म्हणाल्या, सगळ्यात चांगला निबंध कॉलेजच्या वार्षिक सेमिनारला हॉलमध्ये वाचायचा असतो, आणि हा तिथवर जाईल असं वाटतं. वेदू, स्टेजवर. माईकपुढे. शाळेत बक्षिसं तुला मिळायची आणि मी खाली बसून टाळ्या वाजवायची, आठवतं? एकदा मला वर जाऊ दे.

तिसऱ्या पानावर तुझं आहे. "घेणारीला ती साडी पसंत पडली नाही, तिने ती एकदाही वापरली नाही आणि देणारीकडेच परत लोटली." नाव घातलेलं नाही. बघ आणि सही कर.

अक्का


बसवनगुडी, ३० सप्टेंबर

वेदू,

काल तू फोन केलास आणि मध्येच ठेवलास. मी परत लावला, तू उचलला नाहीस. म्हणून इथे.

मॅडम सांगतात, दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेतलं की त्याला दाखवावं आणि विचारावं, "तुम्ही असंच म्हणालात ना?" तर मी ऐकलं ते उतरवते. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू हलो सुद्धा म्हटलं नाहीस. म्हणालीस, "अक्का, खोटं लिहू नकोस. एकदाही वापरली नाही म्हणे. वापरायला ती माझ्याकडे होती कुठे?"

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

तू म्हणालीस, "दिव्यश्रीच्या लग्नाच्या संध्याकाळीच सासूबाईंनी सगळे आहेर उचलून कपाटात टाकले. आमच्याकडे तसंच आहे. माहेरचं असो, सासरचं असो, सगळं एका कपाटात, आणि किल्ली त्यांच्या कमरेला. मी म्हटलं, ही अक्काने माझ्यासाठी फॉल लावून आणलीय, एवढी मला राहू दे. त्या म्हणाल्या, घरात आलं ते घराचं."

मी म्हटलं, "मग मला का दिलीस?"

"श्रीहर्षच्या गृहप्रवेशाला त्यांनी कपाट उघडलं आणि म्हणाल्या, बहिणीसाठी एक काढ. मी तीच काढली. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, तिकडे गेली असती ती. मला नेसायला मिळणार नाही तर निदान तुझ्या अंगावर दिसेल. तू एवढी हिंडून घेतली होतीस. मला वाटलं, तू फॉल बघशील आणि समजशील. तुला तरी कळेल असं वाटलं मला."

मी म्हटलं, "मग तिथे बोलली का नाहीस?"

तू म्हणालीस, "सासूबाई शेजारी उभ्या होत्या, अक्का."

मग फोन बंद.

वेदू, मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि रडले. तुझे भावजी धावत आले, त्यांना वाटलं पाय घसरला. मी म्हटलं, नाही, वेदूचा फोन आला होता. ते म्हणाले, मग रडतेस कशाला, आणि स्वतःच डोळे पुसायला लागले. तुझ्यावर त्यांचा फार जीव आहे, चार वर्षं माझ्या धाकाने गप्प होते.

मग मी उठले, कपाटाच्या वरच्या खणातून ती साडी काढली आणि नेसले. सुम्ने, उगीचच, सोमवारच्या दुपारी. नेसून तशीच कॉलेजात गेले. अजिंक्य म्हणाला, आंटी, आज काय स्पेशल? मी म्हटलं, माझ्या बहिणीने दिलीय. हे वाक्य बोलायला मला एवढं बरं वाटलं की मी ते मॅडमनाही सांगितलं आणि शिपायालाही सांगितलं.

आता ऐक. तुझ्या त्या चार वाक्यांनी माझ्या निबंधाचं छप्परच उडवलं. पहिला पंडित म्हणतो, परत आली ती परतफेड. चूक. दुसरा म्हणतो, ज्याची आठवण राहते ते देणं नव्हे. तूही विसरली नव्हतीस आणि मीही नाही, तरी देणं होतंच. तिसरी बाई जवळ येते, पण तिच्या गावात कुलपातून शाल सोडवून आणणारी वेदू नव्हती. एका घरात अडकलेली वस्तू तिच्या पहिल्या मालकिणीकडे पोचवणं, आणि तेही तिला रागावू देऊन, हे कुठल्याच लेखात नाही. माझ्या बहिणीत आहे. मी मॅडमना फक्त "माझं उदाहरण उलटं फिरलंय" एवढंच सांगितलं तर त्या म्हणाल्या, आधी सगळं टाका, पुन्हा लिहा. मी तीन दिवस नुसती लिहिणार आहे. घरी चित्रान्नावर भागवा म्हटलंय.

कागद पुन्हा जोडलाय. आता तरी सही करशील. आता यात तू चांगली दिसतेस.

अक्का


बसवनगुडी, ७ ऑक्टोबर

वेदू,

कागद आला. सहीच्या जागी तुझ्या अक्षरात एक ओळ: "सासूबाईंचं येतं त्यात. नको."

काल फोनवर तू नीट बोललीस म्हणून मीही नीट बोलले, पण ठेवल्यावर माझं डोकं फिरलं, ते आता इथे सांडते. ज्या बाईने माझ्या हातची साडी तुला नेसू दिली नाही, जिच्यामुळे चार दिवाळ्या आपण एकमेकींच्या फराळाची चव घेतली नाही, तिची अब्रू तू सांभाळणार? म्हणे आता त्यांना काही आठवत नाही, तुझ्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नाहीत. माहीत आहे. पण तुझं आठवणं कुठे गेलं? तुला राग येत नाही? मला येतो. दोघींचा मिळून मीच करते.

आणि तू म्हणालीस, बसवनगुडी-जयनगरातली आपली माणसं मोजकी, नाव बदललं तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळेल, दिव्यश्रीच्या सासरी कळेल. कळू दे. काय खोटं आहे त्यात?

मी नवा निबंध पूर्ण केलाय. वेदू, तो चांगला झालाय. मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण मॅडमनीही तेच सांगितलं. शेवटची दोन पानं त्यांनी माझ्यासमोर उभ्यानेच वाचली आणि वहीत डोकं घालून म्हणाल्या, हाच सेमिनारला जाणार. मी सहीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सही मिळाली तर उत्तम, पण नावं, गाव, नातं बदललं तर सहीवाचूनही देता येतो. ते तुमच्यावर सोडते.

म्हणजे तुझी सही आता लागत नाही. मला लागत होती ती फक्त तू खूश असावीस म्हणून.

शुक्रवारी निबंध द्यायचा आहे. मी देणार आहे. चोरून नाही, तुला सांगून देते आहे.

अक्का


बसवनगुडी, ११ ऑक्टोबर, सकाळ

वेदू,

गुरुवारी मी तुझ्या फाटकापर्यंत आले होते. तुला माहीत नाही.

दारात पाऊल टाकणार नाही म्हटलं होतं, पण म्हटलं शेवटची एकदा समोर बसून सही मागावी, नाही दिलीस तर तुझ्या तोंडावर सांगून निघावं. निबंध फायलीत घालून जयनगरची बस धरली. वाटेत मनातल्या मनात माईकपुढे वाचत होते, कंडक्टरने दोनदा विचारलं, अम्मा, कुठे?

तू व्हरांड्यात होतीस. सासूबाई खालच्या पायरीवर आणि तू मागे बसून त्यांचे केस विंचरत होतीस. केवढेसे राहिलेत केस. त्या मान वाकडी करून तुला काहीतरी विचारत होत्या, तू उत्तर द्यायचीस, त्या परत तेच विचारायच्या. त्यांनी तुला "आई" म्हणून हाक मारली आणि तू "काय ग" म्हणालीस. तुझ्या कमरेला किल्ल्या होत्या. सगळ्या घराच्या. तू मनात आणलं असतंस तर ते कपाट रस्त्यावर उलटं केलं असतंस, त्या बाईंना कळलंही नसतं.

मी फाटकाची कडी हातात धरून उभी राहिले आणि वळले. बस येईपर्यंत दुकानाच्या सावलीत उभी होते. एवढंच डोक्यात येत होतं की हे झाकायला तू मला सोडलंस. सख्खी बहीण. मी एवढं तोंड टाकलं, चार लोकांत तुला चोर ठरवलं, तरी तू त्या म्हातारीवर बोट येऊ दिलं नाहीस, ती धडधाकट आणि खवट होती तेव्हासुद्धा. आणि मी ते उघडं करायला निघाले होते. कशासाठी? एका संध्याकाळच्या टाळ्यांसाठी. त्या टाळ्या मला फार हव्या होत्या, वेदू. खोटं कशाला बोलू, अजून हव्या आहेत.

शुक्रवारी दुपारी अजिंक्यने सुट्टी घेतली आणि आम्ही दुसरा निबंध टाइप केला. ब्लाउज पिसाचा. लाल टाका, समोरच्या बाई, जाऊ, टीचर, तिसरी गल्ली. तिन्ही लेखांचे आधार नीट दिलेत, व्याख्या नेटकी आहे. मॅडमनी वाचला, कागद सारखे केले आणि म्हणाल्या, "आंटी, आधीचा जिवंत होता. हा नुसता बरोबर आहे." मी म्हटलं, होय. त्यांनी पुढे विचारलं नाही. सेमिनारला बहुतेक अजिंक्यचा जाईल, त्याचाही चांगला आहे. पहिल्या निबंधाचे कागद मी घरी येऊन बंबात घातले. आंघोळीचं पाणी चांगलं कडक तापलं.

हे सगळं तुला सांगायला सकाळपासून बसले आहे. आता वाचून बघते तर पानापानातून एकच ऐकू येतंय: बघ, अक्काने तुझ्यासाठी काय सोडलं. तू हे वाचशील आणि रडशील. मग जन्मभर माझ्यापुढे नमतं घेशील, आणि मी घेऊ देईन. भांडणात एखाद्या दिवशी काढूनही दाखवीन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे, जिभेला हाड नाही. तुला मी एवढी साडी दिली ती पुरे झाली बांधायला.

तेव्हा हे पत्र पोस्टात टाकत नाही. दुसरं लिहिते.


बसवनगुडी, ११ ऑक्टोबर, दुपार

वेदू,

निबंध दिला एकदाचा. सुटले.

तुझी गोष्ट शेवटी घातली नाही. घालायची फार हौस होती, पण शब्दमर्यादेत बसेना, आणि मॅडमनाही ती काही एवढी आवडली नव्हती. म्हणाल्या, ब्लाउज पिसाचं घ्या, त्यात गंमत आहे. मलाही ते पटलं. मागच्या पत्रात मी रागाने काहीबाही लिहिलं ते सोडून दे.

पुढच्या रविवारी जेवायला ये. सासूबाईंनाही आण, घरी एकट्या ठेवू नकोस. श्रीहर्ष गाडी घेऊन येईल, त्यांना पायऱ्या चढायच्या नाहीत, मी बाहेरच्या खोलीत पान मांडते. भात मऊ करते, सारू पातळ करते, आणि त्यांना तुझ्याच हातून खायचं असेल तर तू त्यांच्याजवळ बस, मी वाढीन. तुझ्या भावजींनी आत्तापासून नारळ आणून ठेवलेत.

आणि सही केली नाहीस याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्या कागदाची तशी गरजच पडली नाही.

तुझी
अक्का